सात नंबरच्या सापळ्यातल्या माद्या

गुरुवार, ११ जुलै २००२. सकाळी सहाला ६१ अंश फॅरनहाइट, वारा नाही. सात नंबरचा सापळा: एकेचाळीस पतंग. नर तीन, माद्या अडतीस. बख्शीशने फवारा चालू केला. नळी मी कापली. त्याला दवाखान्यात नेलं. माझ्या डाव्या खांद्याला मार, ओठ फाटला, दात शाबूत.

अजमेर कौरने हे डाव्या हाताने लिहिलं. लहानपणी ती डावखुरीच होती. जालंधरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिनाने लाकडी पट्टीने तिच्या डाव्या हाताची पेरं इतकी फोडली, की आठ दिवसांत ती उजव्या हाताने लिहायला लागली. साठ वर्षांनी, या मार्चमध्ये, दिराने तिचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा डावा हात आपणहून पुढे आला. अक्षर जरा मागे झुकलेलं, पण वाचता येण्याजोगं. सिस्टरने आणखी एक सवय लावली होती. वहीत लिहायचं ते डोळ्यांनी पाहिलेलं. मनाला वाटलेलं देवाला सांगायचं, कागद खराब करायचा नाही. म्हणून अजमेरच्या त्रेपन्न वह्यांत रडणं कुठे नाही. थंडी-ऊन आहे, दुधाचा हिशेब आहे आणि कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं ते आहे.

नवरा गेला ते असं लिहिलेलं होतं: ९ फेब्रुवारी १९९९. दाट धुकं. सरदूल हिवाळी फवारणीला गेले. नळी फुटली. अकराला घरी आणलं. सव्वादोनला गेले.

अमेरिकेतल्या लाइव्ह ओक गावाबाहेर, नदीच्या अंगाला, सरदूल सिंग आणि त्याचा धाकटा भाऊ बख्शीश यांची बावीस एकर आलुबुखाराची बाग होती. अकरा याची, अकरा त्याची, मधे कुंपण नाही. हिवाळ्यात झाडं उघडी पडली की सगळ्या बागेवर तेल आणि औषध मारायचं, हा रिवाज सरदूलच्या बापापासूनचा. कीड आहे की नाही हे कोणी बघत नसे. त्या दिवशी धुक्यात नळी फुटली, तेव्हा सरदूलने इंजिन बंद करायचं सोडून ती दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरली. औषध वाया जाऊ द्यायचं नाही, ही त्या घरातल्या पुरुषांची हाडात मुरलेली गोष्ट. घरी आणला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, मांड्या आपोआप उडत होत्या, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अजमेरने त्याचे कपडे कापून काढले, अंग धुतलं. पगडी मात्र तशीच राहू दिली. सगळं गाव दारात उभं होतं, आणि इतक्या लोकांसमोर नवऱ्याच्या डोक्यावरची पगडी उतरवायला तिचा हात धजला नाही. पगडी भिजलेली होती, खालचे केस भिजलेले होते. तीन तास ते औषध त्याच्या टाळूतून आत जात राहिलं. शेवटी तो कमानीसारखा वाकला, आणि दोघांनी धरूनही पलंगावरून खाली पडला.

औषध टाळूतून आत गेलं, हे तिला नंतर डोरीनने सांगितलं. डोरीन शेतकी कार्यालयातली उंच, उन्हाने रापलेली बाई. चौकशीला आली होती. जाताना तिने बागेतल्या झाडांवरून शंभर आखूड काड्या कापल्या, ओट्यावर पसरल्या, अजमेरच्या हातात भिंग दिलं आणि म्हणाली, "बघ तूच."

अजमेरने शंभरही काड्या पाहिल्या. फवारा पोहोचला नव्हता त्या बाजूच्या होत्या त्या. खवले कीड नाही, कोळ्यांची लाल अंडी नाहीत, माव्याची अंडी दोन काड्यांवर.

"मग यंदा फवारायची गरजच नव्हती?"

"नव्हती."

"म्हणजे ते कशासाठी मेले?"

डोरीनने काड्या गोळा केल्या. "सवयीसाठी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून अजमेर मोजायला लागली. हिवाळ्यात काड्या. मार्च लागला की कामगंध सापळे, म्हणजे पांढऱ्या जाड कागदाचं छोटं घर, तळाला चिकट कागद, आणि मादीच्या वासाची रबराची गोळी टांगलेली. त्या वासावर नर भुलून येतो आणि चिकटतो. मे महिन्यात चाळीस झाडांवर मावा बघायचा. जूनमध्ये पानं उलटून कोळी बघायचे, आणि कोळी खाणारेही बघायचे. तिच्या वहीत दोन रकाने असत, खाणारे आणि खाल्ले जाणारे. भिंगाखाली रोज कत्तल चाले. हिरव्या जाळीदार पंखांच्या माशीची अळी आपले विळ्यासारखे जबडे माव्याच्या पोटात खुपसून त्याला उचलून धरी, आणि रिकामं कातडं फेकून पुढच्याकडे वळे. एक मुंगीएवढी गांधीलमाशी माव्याच्या अंगात अंडं घाली. पिल्लू आतून त्याला पोखरून, पाठीला गोल भोक पाडून बाहेर येई. अजमेरला त्याची किळस येत नसे. आपल्याऐवजी कोणीतरी हे काम करतंय, एवढंच तिला दिसे. तीन वर्षांत तिने आपल्या अकरा एकरांवर फक्त एकदा फवारा मारला, तोही नुसत्या तेलाचा.

बख्शीशला हे सहन होत नव्हतं. साठी उलटलेला, बैलासारखा मानेचा माणूस. मार्चमध्ये तो विळा घेऊन आला आणि पहिल्या दहा झाडांवरचे सापळे उभे चिरले.

"भाबी, बागेत कागदाची घरं टांगून भातुकली खेळतेस? लोक मला विचारतात, तुझ्या भावाची बायको पतंगांची सोयरीक जुळवते का म्हणून!"

"तू फवारतोस ते माझ्या बाजूला उडतं, बख्शीश. माझे खाणारे मरतात."

"तुझे खाणारे? भाऊ गेला, पोरगी फ्रेस्नोला गेली. आता तुझे खाणारे म्हणजे किडेच राहिले!"

तिने त्याच्या हातातला सापळा ओढला. त्याने तिचा हात धरून पिरगाळला. काडी मोडल्यासारखा आवाज झाला, आणि दोघेही त्या आवाजाकडे बघत राहिले. मग बख्शीशने हात सोडला, चिरलेला सापळा तिच्या पायावर फेकला आणि चालता झाला.

गुरुद्वाऱ्यात पाच वडीलधारे निवाड्याला बसले. डोरीनलाही बोलावलं होतं. ती म्हणाली, "सापळा फक्त पतंग कधी उडाले ते सांगतो. नुकसान किती ते फळांत बघायचं." सगळ्यांत म्हाताऱ्या गुरबचन सिंगांनी मान हलवली. "बेटी, फळ किडकं की डागाळलेलं यावर हे दोघं पुन्हा मारामारी करतील. कागदावर चिकटलेला मुडदा मात्र कुणाला नाकारता येत नाही." म्हणून ठरलं ते असं. काढणीपर्यंत कुठल्याही सापळ्यात कुठल्याही आठवड्यात तीसच्या वर पतंग आले, तर बख्शीशने पूर्ण बावीस एकर फवारायचे, अजमेरने बागेची आणि घराची किल्ली त्याला द्यायची आणि मुलीकडे जायचं. तीसच्या आत राहिले, तर बख्शीशने तिच्या अकरा एकरांत पाऊल टाकायचं नाही. दोघांनी मान्य केलं. अजमेरचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता.

एप्रिल, मे, जून. चार, सहा, नऊ. एकदा चौदा. काढणीला महिना राहिला.

अकरा जुलैला ती नेहमीसारखी छाटणीची लांब दांड्याची कात्री आणि बादली घेऊन निघाली. कोवळे मेलेले शेंडे कापून आत अळी आहे का बघायला कात्री लागते. एक ते सहा नंबर पाहून झाले: दोन, पाच, शून्य, तीन, तीन, एक. सातव्याजवळ येण्याआधीच इंजिनाचा आवाज आला. बख्शीशचा ट्रॅक्टर मधल्या वाटेवर उभा होता आणि मागे पंख्याचा मोठा फवारा जोडलेला होता. टाकी भरलेली. औषधाचा तो वास, लसूण आणि रॉकेल मिसळल्यासारखा, तीन वर्षांनी इतक्या जवळून तिच्या नाकात शिरला.

"काय गं भाबी, मोज ना!" तो वरून ओरडला. "मोज, मी थांबतो."

टाकी भरायला तासभर लागतो. कागद बघायच्या आधीच त्याने भरून आणली होती. अजमेरने ते मनात टिपलं. मग तिने सापळा काढला, बादली उपडी करून तिच्यावर बसली आणि चिकट कागद मांडीवर घेतला.

कागद करडा झाला होता. तिने टाचणीच्या टोकाने एकेक मोजला. एकेचाळीस.

"बोल!"

"एकेचाळीस."

"हां!" बख्शीशने दोन्ही हात वर केले. "कपडे बांध, फ्रेस्नोची बस दोनला आहे!"

तिने भिंग काढलं. पतंग एका कोपऱ्यात दाटीने बसले होते. उडत आलेला पतंग कुठेही चिकटतो, धडपडतो, त्याच्या पंखांची धूळ आजूबाजूला सांडते. इथे धडपड नव्हती. डिंकात एक अंगठा उमटला होता, रुंद, टोकाला खाच असलेला. बख्शीशच्या उजव्या अंगठ्याला जुन्या करवतीची खाच होती. पण तिला जास्त नवल वाटलं ते पोटांचं. पोटं जाड होती. तिने एकावर टाचणी दाबली. बारीक पिवळसर अंडी बाहेर आली. दुसऱ्यावर दाबली. अंडी. तिसरा, चौथा, करत शेवटपर्यंत. फक्त तिघांत अंडी नव्हती.

ती हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, तोंडाला ओढणी न लावता.

"कशाला दात काढतेस?"

"बख्शीश, ही गोळी कुणाच्या वासाची आहे, माहीत आहे?"

"किड्याच्या."

"मादीच्या. मादीच्या वासावर मादी येत नाही रे. यांतल्या अडतीस पोटुशी बाया आहेत. शेडच्या दिव्याखाली जमलेल्या वेचून आणल्यास ना? दिव्यावर दोघंही येतात. इथे फक्त गडी येतात."

बख्शीशचा चेहरा आधी कोरा झाला. मग मानेपासून वर लाली चढली. तिने कागद घडी घालून कुर्त्याच्या आत घातला.

"दे तो कागद."

"हा गुरबचन सिंगांना दाखवायचा."

"दे म्हणतो ना, रांडे!"

तो उतरला नाही. त्याने पंखा चालू केला.

ज्यांनी तो फवारा जवळून पाहिलाय त्यांना सांगायला नको. झाडाच्या शेंड्यावर पाणी फेकणारा वारा माणसाला आडवा करतो. अजमेर बादलीवरून मागे फेकली गेली, खांदा खोडावर आपटला, ओठ दाताखाली फाटला. पांढऱ्या धुक्यात पानं, कच्ची फळं, डहाळ्या तिच्यावर कोसळल्या. तिने कुर्त्याने तोंड दाबलं आणि डोळे मिटून रांगत निघाली. ट्रॅक्टर पुढे सरकला. तो तिच्या ओळीतच चालला होता, हळूहळू, एकेक झाड बुडवत. ती फवाऱ्याच्या मागच्या बाजूला आली, जिथे वारा लागत नाही. हातात कात्री होती. ती अजून हातात आहे हे तिला तेव्हाच कळलं.

पंपावरून निघणारी जाड काळी नळी तिच्या डोळ्यांसमोर थरथरत होती. तिने कात्रीचे जबडे नळीवर घातले. उजव्या मनगटात जोर नव्हता. तिने एक दांडा पोटाशी धरला आणि दुसऱ्यावर अंगाचं सगळं वजन टाकलं.

नळी फुटली आणि सापासारखी उसळली. कात्री उडून गेली. पंख्याचं धुकं विरलं, सगळं औषध आता त्या तुटक्या तोंडातून धारेने जमिनीवर आदळत होतं.

बख्शीश उडी मारून खाली आला. येतायेताच त्याने तिच्या कानाखाली मारली. ती पडली. त्याने लाथ उचलली, आणि तेवढ्यात त्याची नजर नळीकडे गेली. भरलेली टाकी मातीत चालली होती.

"माझं औषध!"

त्याने तिला सोडलं आणि नळी धरली. उघड्या हातांनी, छातीशी. धार त्याच्या हनुवटीवर आदळून वर उडाली, तोंडात, डोळ्यांत, पगडीत. तो खोकत होता, शिव्या देत होता आणि अंगठ्याने भोक बुजवू पाहत होता.

"सोड!" अजमेर ओरडली. "बख्शीश, सोड ती!"

"बंद कर... आधी तू..."

"सोड रे! तेही असेच धरून बसले होते!"

त्याने सोडली नाही. ती ट्रॅक्टरवर चढली, दोनदा पाय निसटला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. नळी ढिली पडली. बख्शीश ती हातात धरून उभा होता, कान उपटलेल्या माणसासारखा. मग त्याने तोंड पुसलं आणि पुन्हा तिच्याकडे निघाला. चार पावलं टाकली. पाचवं वाकडं पडलं.

बारा पावलांवर पाण्याचा व्हॉल्व्ह होता. अजमेरने त्याची दाढी धरली, दुसऱ्या हाताने कॉलर, आणि ओढत नेला. तो लाथा झाडत होता. तिने व्हॉल्व्ह उघडला, पाणी मांडीएवढ्या जाडीने उसळलं. तिने त्याचा सदरा बटणांसकट फाडला, बनियन फाडली, विजार ओढून काढली. तो ओकला, तिच्या हातावर. लाळ सुटली होती. तिने पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

मग तिने पगडीला हात घातला.

बख्शीशला तेव्हा उभंही राहता येत नव्हतं. पण पगडीला बोटं लागल्याबरोबर त्याच्या दोन्ही हातांनी तिचं मनगट पकडलं, तेच, मोडलेलं.

"नको," तो म्हणाला. शब्द लाळेत बुडाले होते. "पगडी नको, भाबी. मारून टाक. पगडी नको."

"मरशील!"

"मरू दे!"

त्याने तिच्या हाताला चावा घेतला. तिने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. सत्तर वर्षांची बाई आणि तिचा नागवा दीर चिखलात एकमेकांना बोचकारत, मारत होते, आणि त्यांच्यामध्ये तो सात वाराचा निळा कपडा होता, भिजून जड झालेला. शेवटी तिने गुडघा त्याच्या छातीवर रोवला, पगडीचं टोक दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी ओरबाडून काढली. केसांची गाठ सोडली. पांढरे, कमरेपर्यंतचे केस. त्यांत औषध निथळत होतं. तिने त्याचं डोकं पाण्याखाली धरलं आणि नखांनी टाळू घासत राहिली.

"तीन तास राहू दिली मी त्यांची," ती त्याच्या कानात ओरडत होती. "तीन तास! तुझी नाही राहू देणार!"

बख्शीशची बायको चिंतो आरडाओरडा ऐकून धावत आली, तेव्हा तिला दिसलं ते एवढंच, की जाऊ आपल्या नवऱ्याच्या उरावर बसून त्याला पाण्यात बुडवतेय. तिने सापडलेल्या ढेकळाने अजमेरच्या पाठीत मारलं. अजमेरने वळूनही पाहिलं नाही. "फोन कर! गाडी बोलाव! औषध अंगात गेलंय म्हणून सांग!" ढेकूळ पुन्हा वर गेलं होतं. ते तिथेच थांबलं. मग चिंतो पळाली.

गाडी एकोणीस मिनिटांनी आली. ती त्याला घेऊन गेल्यावर अजमेर तिथेच, अंगावरच्या कपड्यांनिशी, पाण्याच्या धारेखाली बराच वेळ उभी राहिली. कागद कुर्त्यात होता. डिंक पाण्यात न विरघळणारा, पाण्याने त्याचं काही बिघडलं नव्हतं. तो तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीखाली ठेवला.

संध्याकाळी पाचला चिंतो आली. दारातच उभी राहिली.

"जगले," ती म्हणाली. "सुया दिल्या. शुद्धीवर आले."

"काय म्हणाला?"

"पहिला शब्द काय असेल? पगडी कुठंय. मग म्हणाले, त्या बाईला सांग, घरी येऊन तुझे हात मोडतो."

"म्हणजे जगला." अजमेरने खुर्ची पुढे सरकवली. "बस. चहा घे."

चिंतो बसली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "भैणजी, त्या पतंगांसाठी बरणी मी धरली होती. शेडच्या दिव्याखाली. मंगळवारी. मी नाही म्हणाले असते तर त्यांनी मला मारलं असतं. म्हणून धरली. गुरुद्वाऱ्यात विचारलं तर सांगेन मी हे."

"सांगशील?"

"सांगेन. डॉक्टर म्हणाला, केस धुतले नसते तर दुपारपर्यंत गेले असते." तिने मुठीतून ट्रॅक्टरची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिली तर काढून घेतील."

अजमेर आतल्या खोलीत गेली. सरदूलच्या पेटीतून इस्त्री केलेली एक पगडी काढली, बदामी रंगाची, आणि चिंतोच्या हातात दिली.

"दवाखान्यात उघड्या डोक्याने पडलाय तो. ही ने. माझी म्हणून सांगू नकोस, फेकून देईल. दुकानातून आणली म्हण."

चिंतो गेल्यावर अजमेर बाहेर गेली. निळी पगडी, सदरा, विजार आणि स्वतःचा कुर्ता तिने फावड्याने कडेच्या खड्ड्यात पुरले. फवारलेली झाडं मोजली. तेवीस. आत आली, पुन्हा आंघोळ केली, वही उघडली. बाकीचं सगळं लिहून झाल्यावर तिने खाली एक ओळ घातली: अंगाचा साबण संपला. घरात एवढी एकच वडी होती.